सासूबाईंचं बोट आणि नॅचरल लॉग

माझ्या सासूबाईंच्या उजव्या हाताला प्लास्टर बसलं नसतं, तर नॅचरल लॉगचा आमच्या गल्लीत कुणाला पत्ताही लागला नसता. मी कुनिंगान गावातल्या एका शाळेत गणित शिकवतो; आमच्याकडे सरांना पाक गुरू म्हणतात. दर वर्षी हा धडा आला की शेवटच्या बाकावरून एकच प्रश्न येतो, "पाक गुरू, हे कुठे उपयोगी पडतं?" मी उत्तर देतो, "परीक्षेत." मुलं हसतात, मीही हसतो, पण स्कूटरवरून घरी जाताना ते मला टोचत राहतं. न्हाव्याला कुणी विचारत नाही की कात्री कुठे उपयोगी पडते.

त्या रविवारी आमच्या मुलीची, रिन्रिनची मागणी होती. मुलाकडची मंडळी बांडुंगहून येणार होती, आणि आमच्याकडे मागणी म्हटली की तापे हवंच. चिकट तांदूळ शिजवायचा, पाल्याच्या रसानं हिरवा करायचा, बांबूच्या सुपात पसरून निववायचा, त्यावर खमिराची पूड भुरभुरायची आणि जांबाच्या पानांत पुड्या बांधून बादलीत झाकून ठेवायच्या. तिसऱ्या दिवशी गोड, रसाळ, जिभेला किंचित झिणझिण्या आणणारं तापे तयार. सांगायला सोपं आहे. मेख निववण्यात आहे. भात फार गरम असताना पूड पडली तर खमीर जागच्या जागी मरतं. फार गार झाल्यावर पडली तर ते आळसावतं आणि तापे वेळेवर होत नाही. तो मधला क्षण आमच्या घरात एकच व्यक्ती ओळखत असे, ती म्हणजे माझ्या सासूबाई, अंबू. उजव्या हाताचं मधलं बोट भातात खुपसून त्या छताकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "आता." त्या "आता"ला आजवर कुणी आव्हान दिलेलं नव्हतं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात अंबू पाण्याच्या टाकीजवळच्या शेवाळावर घसरल्या. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत प्लास्टर.

"डाव्या हाताचं बोट चालेल की," मी सहज म्हणालो.

अंबूंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी डाव्या पायाचं म्हणालो होतो. "मोमोन, डावा हात कशासाठी असतो हे तुला तुझ्या आईनं सांगितलं नव्हतं का? पाहुण्यांच्या पोटात जायचं आहे ते."

बायको, म्हणजे लिलिस, बाजारातून विकतचं आणू म्हणाली. यावर अंबू जे बोलल्या ते जेवणाच्या वेळेपर्यंत चाललं, म्हणून इथे देत नाही. अंबूंबद्दल एक सांगायला हवं. आमच्या गल्लीत असं म्हणतात की अंबू झोपेत तेवढ्या गप्प असतात, आणि तेही कुणी शपथेवर सांगत नाही. त्यांच्या त्या भाषणातून कामाचं निघालं ते एवढंच: मुलाची आई, बू हेर्ना, जिभेची फार चोखंदळ आहे. थोरल्या मुलाच्या मागणीच्या वेळी मुलीकडचं तापे तिला आंबट लागलं, तेव्हा ती काही बोलली नाही, पण ते लग्न वर्षभर लांबलं. रिन्रिन कोपऱ्यात बसून नखं खात होती. एरवी ती कुणाला भीक घालत नाही, पण त्या दिवशी तिचा चेहरा एवढासा झाला होता. असा चेहरा बघितला की बाप माणसाच्या तोंडातून काहीतरी भलतंच निघतं.

"बोटाची गरज नाही," मी म्हणालो. "मी गणितानं काढतो."

दुर्दैवानं त्याच वेळी आमचे वस्तीप्रमुख पाक कोस्वारा अंबूंच्या तब्येतीची चौकशी करायला आलेले होते. नाहीतर विषय घरातल्या घरात मिटला असता.

"गणितानं तापे?" पाक कोस्वारांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. "ते कसं काय, पाक गुरू?"

मी समजावलं. गरम वस्तू खोलीपेक्षा जितकी जास्त गरम, तितकी ती भराभर निवते, आणि खोलीच्या जवळ येत जाते तसतशी रेंगाळते. पगाराचे पैसे पहिल्या आठवड्यात जातात तसे भराभर, आणि मग उरलेले महिनाभर पुरवायचे तसे हळूहळू. किती वेळात किती निवेल ते एका सूत्रात बसतं. आणि अमुक तापमानाला यायला किती वेळ लागेल हे उलट विचारायचं असेल, तर त्या सूत्राला नॅचरल लॉग लावायचा. पाक कोस्वारा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. समजत नसलं की ते अशीच मान हलवतात.

"ठीक आहे," अंबू म्हणाल्या. "पण पूड कोण टाकणार?"

आमच्या घरचा नियम असा, की जो पूड टाकतो त्यानं आंघोळ केल्यापासून बादलीवर झाकण पडेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. बोललं की तापे आंबतं. अंबू वर्षातून हे एकदाच पाळत आल्या होत्या आणि तेवढ्यावरच त्यांची स्वर्गात सोय होईल असं माझं मत आहे. लिलिसनं आपणहून हात वर केले. ती म्हणाली, तिला जमणार नाही, गेल्या खेपेस तिनं फक्त मांजराला हाकललं होतं आणि ती बादली टाकून द्यावी लागली होती. रिन्रिननं स्वतःच्या मागणीचं तापे लावलं तर मुलगी उतावीळ आहे असं लोक म्हणणार. उरलो मी.

"पाळशील?" अंबूंनी विचारलं.

"अंबू, मी वर्गात मुलांना गप्प बसवतो, मला स्वतःला बसवता येणार नाही?" मी म्हणालो. लिलिसला अचानक खोकला आला.

आता सूत्राला तापमान लागतं आणि तापमानाला थर्मामीटर. तो शाळेच्या प्रयोगशाळेत होता. प्रयोगशाळेच्या बाईंनी सांगितलं, वस्तू बाहेर न्यायची तर अर्ज करा. अर्जात "कारण" असा रकाना होता. तापे लिहायला मला लाज वाटली, म्हणून मी "नॅचरल लॉगचं प्रात्यक्षिक" असं लिहिलं. हा माझा घात. हेडबाईंनी मला बोलावून घेतलं आणि खुर्ची दिली, जी त्या सहसा देत नाहीत. त्या म्हणाल्या, "पाक मोमोन, शाळेबाहेर प्रात्यक्षिक म्हणजे समाजोपयोगी उपक्रम झाला. उत्तम. आपला यंदाचा एकही झालेला नाही. फोटो हवेत आणि बॅनर हवं. बॅनरशिवाय उपक्रम धरत नाहीत."

मी म्हणालो, स्वयंपाकघरात बॅनर कुठे लावू. त्या म्हणाल्या, दाराबाहेर लावा, उजेडही चांगला येईल.

शुक्रवारी सकाळी आमच्या अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पिवळं बॅनर लागलं. त्यावर शाळेचं बोधचिन्ह, माझा एक जुना फोटो आणि लाल अक्षरांत: "नॅचरल लॉगद्वारे तापेनिर्मिती प्रात्यक्षिक. सुस्वागतम." ते सुस्वागतम मी लिहायला सांगितलेलं नव्हतं. छापणारा म्हणाला, ते सगळ्यांवर असतंच, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

आमच्याकडे सुस्वागतम लिहिलं की लोक येतात. आदल्या दिवशी मी रिकाम्या स्वयंपाकघरात वाटीभर भातावर तालीम करून घेतली होती. नंतर मोठ्या सुपावरही करून पाहिली. खोली पंचवीस अंश, भात पंच्याऐंशी, दहा मिनिटांनी पासष्ट. त्यावरून हिशोब केला, तर पस्तीस अंशांना यायला चव्वेचाळीस मिनिटं. मन कसं प्रसन्न झालं. शुक्रवारी दुपारी आंघोळ केली, तोंड मिटलं, सुपात हिरवागार वाफाळता भात पसरला, थर्मामीटर खुपसला, आणि मागे वळून बघतो तर दारात महिला मंडळ उभं. सगळ्या एकाच छापाच्या बाटिकमध्ये, हातात वह्या.

"सरकारी शिबिर आहे ना?" पुढे उभ्या असलेल्या बी एनोकनं विचारलं. ही आमची समोरची शेजारीण आणि मंडळाची अध्यक्ष. "आम्हाला कळवायचं तरी, पाक गुरू. आमचा इस्त्रीचा गोंधळ झाला."

मी तोंडावर बोट ठेवलं. ते तिला "शांतपणे आत या" असं वाटलं, आणि सगळ्या आत आल्या.

सूत्राची एक अट असते, ती मी वर्गात फळ्यावर दोनदा अधोरेखित करतो: आजूबाजूचं तापमान बदलता कामा नये. ज्यानं कुणी ही अट घातली तो आमच्या गल्लीत राहत नव्हता. पाऊण खोली भरेल इतकी माणसं आत आली आणि थर्मामीटर हवेत धरला की पारा पंचविसावरून चढलेला दिसू लागला. कुणीतरी पंखा लावला. मी हातवारे करून बंद करायला लावला. पाक कोस्वारा आले, त्यांना सर्दी झालेली, त्यांनी खिडकी लावून घेतली. मी उघडली. त्यांनी परत लावली आणि मला म्हणाले, "तुम्ही मान्यवरांसारखे बसा ना, आम्ही आहोत." प्रत्येक खेपेला मी भिंतीला टेकवलेल्या फळ्यावर जुना आकडा पुसून नवा लिहीत होतो. रिक्षावाला कांग ओजो दाराशी उभा राहून ते आकडे बारीक नजरेनं टिपून घेत होता. तो शेजाऱ्याला म्हणाला, "पाक गुरूंनी मौन धरलंय, म्हणजे आकडा पक्का लागणार." त्यावर मला जे बोलायचं होतं ते मी गिळलं. माणूस न बोलता किती अपमान सहन करू शकतो याचा मला त्या दुपारी अंदाज आला.

मग भाषणं झाली. पाक कोस्वारांनी स्वागत केलं, सगळ्यांची नावं घेतली, चुकलेल्यांची माफी मागितली, मग माफीत चुकलेल्यांची नावं घेतली. बी एनोकनं महिला आणि गणित यावर दोन शब्द सांगितले, ते दोन नव्हते. मी थर्मामीटरकडे बघत होतो. बावन्न. माझ्या नव्या हिशोबानं अजून बराच वेळ होता आणि मी निवांत होतो. कोपऱ्यात स्टुलावर अंबू बसल्या होत्या. प्लास्टरचा हात मांडीवर धरून त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मला वाटलं, त्यांच्या नजरेत थोडंसं कौतुक आहे. माणूस गप्प बसू शकतो, हे त्यांना पटू लागलं असावं.

"आणि आता," बी एनोक म्हणाली, "वस्तीप्रमुखांच्या हस्ते प्रतीकात्मक खमीर टाकून आपण शिबिराचं उद्घाटन करूया."

आमच्याकडे प्रतीकात्मक काही केल्याशिवाय काहीच सुरू होत नाही, हे मी विसरलो होतो. पाक कोस्वारांनी टोपी नीट केली. फोटोवाला पुढे सरकला. पाक कोस्वारांनी पुडीतली पूड प्रतीकात्मक न घेता चांगली मूठभर घेतली आणि हात सुपावर नेला.

बोललो तर अंबूंच्या मते तापे आंबणार. न बोललो तर बावन्न अंशांत खमीर मरणार आणि तापे होणारच नाही. मी रिन्रिनकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

"हात मागे घ्या!" मी ओरडलो.

एवढा आवाज मी वर्गातही कधी काढला नव्हता. पाक कोस्वारा दचकून मागे झाले, त्यांचं कोपर थर्मामीटरला लागलं, तो उडून थेट मोरीपाशी फरशीवर पडला आणि फुटला. शाळेचा थर्मामीटर, अर्जासकट घेतलेला. कोपऱ्यात अंबूंनी डोळे मिटून घेतले.

मौन तर मोडलंच होतं. मग मी कशाला ऐकतोय. इतका वेळ तुंबलेलं सगळं बाहेर पडलं. "बावन्न अंश होते! खमीर म्हणजे काय लोखंड आहे? आणि खिडकी कुणी लावली? दर वेळी तुम्ही काही हलवता आणि माझा लॉग बदलतो!"

"बोट घालून बघू का?" लिलिसनं हळूच विचारलं. तिनं घातलं आणि म्हणाली फार गरम. बी एनोकनं घातलं आणि म्हणाली झालंच की. कांग ओजोनं लांबून हात पुढे केला, तो मी परत पाठवला. मी अंबूंकडे पाहिलं. अंबूंनी डोळे उघडले, पण एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यांनी तोंड फिरवलं. ते मला फार लागलं.

मग मी खडू उचलला. शेवटची नोंद बावन्न, खोली एकोणतीस. तेविसाला सहानं भागायचं, त्याचा नॅचरल लॉग घ्यायचा, आणि आदल्या दिवशी काढलेल्या स्थिरांकानं भागायचं. उत्तर आलं तेहतीस मिनिटं. मी वळून म्हणालो, "आता सगळ्यांनी जसे आहात तसे बसा. कुणी उठायचं नाही, कुणी आत यायचं नाही, कुणी बाहेर जायचं नाही. खोली एकोणतीसच राहिली पाहिजे. तेहतीस मिनिटं."

"मला बाहेर जाऊन यायचं होतं," कांग ओजो म्हणाला.

"नाही."

आणि गंमत अशी, की सगळे बसले. महिला मंडळानं वह्या सावरून श्वाससुद्धा बेताचा घेतला. पाक कोस्वारांनी शिंक दाबली. बी एनोक कुजबुजली, "पण पाक गुरू, तेहतीसच का? अर्धा तास का नाही?" तो प्रश्न मला आयुष्यात कुणी मनापासून विचारलेला नव्हता. मी फळ्यावर वक्र काढला, तो सुरुवातीला कसा घसरतो आणि शेवटी कसा लोळतो ते दाखवलं. लॉग त्याला उलट्या बाजूनं कसा वाचतो तेही सांगितलं. बायकांनी वह्यांत तो वक्र उतरवून घेतला. "म्हणजे शेवटचे चार-पाच अंश उतरायलाच जास्त वेळ," बी एनोक म्हणाली. "आमच्या सुनेच्या रागासारखं." मला भरून आलं. शेवटच्या बाकावरचं एक कार्टं तरी तिथे असायला हवं होतं.

तेहतीस मिनिटं भरली तसं मी म्हणालो, "आता." पूड टाकली, सगळ्यांनी मिळून पुड्या बांधल्या, बादल्यांवर झाकणं पडली. पाक कोस्वारांनी प्रतीकात्मक टाळ्या वाजवायला लावल्या. कांग ओजो पहिला धावत बाहेर गेला.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. अंबू माझ्याशी बोलेनात. शुक्रवारी संध्याकाळी मी माफी मागितली, त्यांनी मान हलवली. शनिवारी त्यांच्या आवडीची तळलेली केळी आणली, त्यांनी खाल्ली आणि बशी पुढे केली. एक शब्द नाही. आणि माझ्याशीच नव्हे, कुणाशीच नाही. घरात भांड्याचा आवाज ऐकू येऊ लागला, जो आम्ही लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होतो. शेजारी दोनदा विचारून गेले की म्हातारी बरी आहे ना. लिलिस माझ्यावर डाफरली, "अहो, माझ्या आईला तुम्ही मुकी केलीत." रिन्रिन मला म्हणाली, "आपा, राहू दे, तापे बिघडलं तर आपण केक कापू." तिनं हे हसून म्हटलं म्हणून मला जास्तच वाईट वाटलं. रात्रभर बादल्यांशी बोलावंसं वाटत होतं.

रविवारी बांडुंगची मंडळी आली. नमस्कार-चमत्कार झाले, फुलं ठेवली, दोन्हीकडच्या मोठ्यांनी गोड गोड बोलून मुलीला मागणी घातली. मग बादली बाहेर आली. लिलिसनं झाकण काढलं, आणि पानांचा आणि रसाचा एक मंद गोड वास घरभर पसरला. पण वासाचं काय, वास परीक्षेतल्या सुवाच्य अक्षरासारखा असतो, त्यावर पूर्ण गुण मिळत नाहीत. बू हेर्नांनी पुडी उलगडली. एक घास घेतला. डोळे मिटले. रिन्रिननं माझा हात इतका घट्ट धरला की मला कळा येऊ लागल्या. बू हेर्नांनी डोळे उघडले, दुसरा घास घेतला, पुडी संपवली आणि न विचारता दुसरी उचलली.

"असं तापे मी माझ्या आजीच्या घरानंतर आजच खाल्लं," त्या म्हणाल्या. "कुणी लावलंय?"

पाक कोस्वारा घसा साफ करत उठायला लागले. माझ्या तोंडात नॅचरल लॉग तयारच होता. पण कोपऱ्यातून आवाज आला, घोगरा, दोन दिवसांत न वापरलेला.

"जावयानं लावलं," अंबू म्हणाल्या. "त्याचा तो लॉग बरोबर असेल, मला त्यातलं कळत नाही. पण शुक्रवारी तो मध्येच ओरडला. मोडलेलं भरून काढायला कुणीतरी गप्प बसायला हवं होतं ना झाकण निघेपर्यंत. मग मी बसले."

दोन दिवस मी त्यांच्या रागाचा हिशोब करत होतो, आणि तो राग नव्हताच. मी उठून त्यांच्या स्टुलाशी गेलो आणि प्लास्टरच्या हातावर कपाळ टेकवलं. मला रडू आलं होतं, ते मी कशाला लपवू.

अंबूंनी डाव्या हातानं माझ्या डोक्यावर एक टपली मारली. "लग्नाचं तापे करशील ना, तेव्हा आधी सांग," त्या म्हणाल्या. "आणि तोंड बांधून घे. परत दोन दिवस गप्प बसायला लागलं तर मी जिवंत राहायची नाही." आणि मग दोन दिवसांचं साठलेलं त्या बोलायला लागल्या, ते बांडुंगची गाडी निघेपर्यंत बोलतच होत्या.